पासिंगएवढाच माल भरला, तरी ओव्हरलोडचं चलान का येतं?

नव्या ड्रायव्हरची तक्रार ठरलेली असते. बिल्टीवर (मालाच्या वाहतुकीच्या पावतीवर) माल बरोबर, मुनीम म्हणाला "गाडी अंडरलोड आहे", आणि पुढच्या वजनकाट्यावर तीच गाडी सहा-सातशे किलो जास्त निघाली. एकदा झालं तर चूक समजून सोडून देता येतं. पण त्याच गाडीला दोन-तीन महिन्यांत तिसरं चलान आलं, तर हिशोबात कुठेतरी कायमची खोट आहे. ती शोधता येते आणि काढताही येते. जाणूनबुजून पाच-सहा टन जादा भरणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. इथे लिहिलंय ते नियमात गाडी चालवायची इच्छा असूनही अडकणाऱ्यांसाठी.

आधी दंडाचा हिशोब नीट समजून घ्या, कारण बहुतेकांना तो उलटा माहीत असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १९४ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. त्याआधी ओव्हरलोडला २,००० रुपये आणि जादा टनामागे १,००० रुपये होते. आता मूळ दंडच २०,००० रुपये आहे, त्यावर जादा टनामागे २,००० रुपये, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च. म्हणजे तीन टन जास्त असेल तर २६,००० रुपये. पण तुमच्यासारख्या नव्या माणसाने लक्षात ठेवायची गोष्ट ही की अर्धा टन जास्त असला तरी २०,००० ची पायरी लागतेच. टनाला दीड हजार भाडं धरलं, तर अर्ध्या टनाचे साडेसातशे रुपये मिळतात. साडेसातशेसाठी वीस हजारांचा धोका पत्करण्यात काही अर्थ नाही, आणि बहुतेक नवे ड्रायव्हर नेमके या अर्ध्या-पाऊण टनातच सापडतात.

पासिंग म्हणजे माल नव्हे

खोट असण्याची पहिली आणि सगळ्यात मोठी जागा ही. "गाडीचं पासिंग २८ टन" याचा अर्थ गाडी, माल, डिझेल, माणसं, स्टेपनी, ताडपत्री, दोर आणि केबिनमधला स्टोव्ह-पिंप मिळून २८ टन. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या पुस्तकावर, दोन आकडे असतात: भरलेल्या गाडीचं कमाल वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन. मुनीम पहिल्यातून दुसरा वजा करतो आणि तेवढा माल भरतो. वजाबाकी बरोबर असते, पण दुसरा आकडा आज खरा राहिलेला नसतो.

दहा टायर गाडीचं उदाहरण घ्या. आरसीवर भरलेलं वजन २८,००० किलो, रिकामं ९,२०० किलो. मुनीमाच्या हिशोबाने माल बसतो १८,८०० किलो, म्हणजे ५० किलोची सिमेंटची ३७६ पोती. आता तीच गाडी टाकी भरून, ड्रायव्हर-क्लीनर बसलेले असताना, ताडपत्री-दोरासकट रिकामी काट्यावर घाला. ९,९०० किलो भरते. हे सातशे किलो येतात कुठून? ३०० लिटर डिझेलचे सुमारे २५० किलो (लिटरला साधारण ८३० ग्रॅम), दोन माणसं आणि त्यांचं सामान पावणेदोनशे, स्टेपनी शंभरच्या आसपास, भिजलेली ताडपत्री आणि दोर शंभर-सव्वाशे, आणि उरलेलं नंतर बसवलेला लोखंडी बंपर, वाढवलेले फाळके, हौद्यात टाकलेला जाड पत्रा. खरा माल बसतो १८,१०० किलो, म्हणजे ३६२ पोती. चौदा पोत्यांचा फरक, आणि त्या चौदा पोत्यांवर वीस हजारांचं चलान.

उपाय साधा आहे. गाडी हातात आली की पहिल्याच आठवड्यात, टाकी पूर्ण भरून, सगळं सामान आत ठेवून, दोघं बसून रिकामा काटा करा. पावतीचा फोटो काढा आणि तो आकडा केबिनमध्ये कायम दिसेल असा लिहून ठेवा. दर तीन महिन्यांनी, आणि गाडीच्या बॉडीचं काहीही काम झालं की लगेच, हा काटा पुन्हा करा. पाटे (एक्सलवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवले, हौद्याचा तळ बदलला, केबिनवर कॅरिअर बसवला, तरी आकडा बदलतो. एक गोष्ट इथेच सांगतो: पाटे वाढवून गाडीची ताकद वाढल्यासारखी वाटते, पण पासिंग एक किलोनेही वाढत नाही. उलट पाट्यांचं वजन तुमच्या मालातून कापलं जातं.

दुसरा सापळा टायर मोजण्याचा. "दहा टायर म्हणजे २८ टन" असं धरून चालू नका. जुलै २०१८ मध्ये केंद्राने एक्सलचं सुरक्षित वजन वाढवलं. त्याआधी पास झालेल्या दहा टायर गाड्यांच्या आरसीवर २५ टन असतं, दोन एक्सलच्या गाड्यांवर १६.२ टन. नंतरच्या गाड्यांवर दहा टायरला २८ किंवा २८.५ आणि दोन एक्सलला १८.५ किंवा १९ असे आकडे दिसतात. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या तर फरक ओळखू येत नाही. गाडी बदलून मिळाली की आधी त्या गाडीची आरसी उघडा. कालच्या गाडीत बसलेला माल आजच्या गाडीत तीन टन जास्त ठरू शकतो. ट्रेलर असेल तर पुढच्या घोड्याची आणि मागच्या ट्रेलरची अशा दोन आरसी असतात, त्या दोन्ही बघा.

नगावर, ब्रासवर आणि लिटरवर भरलेला माल

माल किलोवर भरला तर चूक कमी होते. चूक होते ती माल नगाने, ब्रासने किंवा लिटरने मोजला जातो तेव्हा.

खडी-वाळूच्या हायव्यात (हौदा उचलून माल ओतणाऱ्या टिपरमध्ये) हे सर्रास होतं. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. कोरडी खडी ब्रासला साधारण ४.३ टन भरते. ओली वाळू ब्रासला पाच टनांच्या वर जाते, चांगली भिजलेली असेल तर ५.२ धरा. आता २८ टन पासिंगचा, रिकामा ११,५०० किलोचा हायवा घ्या. माल बसतो १६,५०० किलो. खडी पावणेचार ब्रास. चार ब्रास भरली की सातशे किलो जास्त. तीच वाळू ओली असेल तर जेमतेम तीन ब्रास. "चार ब्रासची गाडी" हा शब्द हौद्याच्या आकारावरून आलेला आहे, पासिंगवरून नव्हे. त्यातच गौण खनिजाच्या वाहतूक पासवर लिहिलेली ब्रास आणि हौद्यातली ब्रास जुळली नाही, तर आरटीओबरोबर महसूल खात्याचीही कारवाई मागे लागते, आणि ती ओव्हरलोडच्या दंडापेक्षा जड पडते.

टँकरवाल्यांनी घनता विसरायची नाही. पाण्याचा एक किलोलिटर एक टन, डिझेलचा सुमारे ०.८३ टन, पण साखर कारखान्यातली मळी किलोलिटरला १.४ टनांच्या आसपास. वीस किलोलिटरच्या टाकीत डिझेल साडेसोळा टन होतं, तर मळी २८ टन. मळी भरताना टाकी काठोकाठ भरायची नसते, ती वजनावर थांबवायची असते. अर्धवट भरलेल्या टाकीत मळी पुढे-मागे हिंदकळते, म्हणून वळणावर आणि ब्रेकला वेग आणखी कमी ठेवा.

सळईचं वजन काट्याशिवायही काढता येतं. व्यासाचा वर्ग भागिले १६२, की मीटरला किलो मिळतात. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ०.८९ किलो, १२ मीटरचा नग सुमारे १०.७ किलो. १६ मिलिमीटरचा नग १९ किलोच्या जवळ. जालन्याहून सळई भरताना बंडलावरच्या चिठ्ठीतलं वजन आणि हे गणित जुळतं का ते बघा. फार फरक पडला तर नग मोजायला लावा.

कांद्याची गोणी ५० किलोची म्हणतात, पण हाताने भरलेल्या गोणीत दोन-चार किलो इकडेतिकडे होतात. तीनशे गोण्यांवर दोन किलो म्हणजे सहाशे किलो. लाकडी पॅलेटवर माल येत असेल तर पॅलेटचं वजन बिलात नसतं. वीस पॅलेट म्हणजे चारशे किलोपर्यंत सहज. पावसाळ्यात उघड्यावर पडलेलं लाकूड, भुसा, कोळसा, माती या मालाचं कालचं वजन आज धरू नका.

काट्याकाट्यातला फरक

"कंपनीच्या काट्यावर बरोबर होती" ही तक्रार खरी असू शकते. कंपनीचा काटा माल विकण्यासाठी असतो. त्यावर भरलेली गाडी वजा रिकामी गाडी एवढंच बघितलं जातं. काटा दोन्ही वेळा शंभर किलो कमी दाखवत असेल तर मालाचं वजन बरोबरच येतं, पण गाडीचं एकूण वजन शंभर किलोने चुकतं. तुमचं चलान मालावर होत नाही, एकूण वजनावर होतं. म्हणून कंपनीच्या पावतीवर निव्वळ वजन बघून निघू नका, भरलेल्या गाडीचा आकडा बघा.

काटा करताना चार गोष्टी स्वतः बघा. गाडी चढण्याआधी पाटीवर शून्य आहे का. सगळी चाकं प्लॅटफॉर्मवर आहेत का, विशेषतः लांब ट्रेलरचं शेवटचं चाक. प्लॅटफॉर्मच्या कडेला आणि खाली चिखल-खडी अडकली आहे का, कारण अडकलेल्या खड्यामुळे काटा मोकळा खाली बसत नाही. आणि वैधमापनशास्त्र विभागाचं चालू वर्षाचं पडताळणी प्रमाणपत्र लावलेलं आहे का. इंजिन बंद करा, ब्रेक सोडा, माणसं आतच राहू द्या, कारण रस्त्यावर ती गाडीतच असणार आहेत.

एखाद्या काट्याचा संशय असेल तर तीच भरलेली गाडी, मध्ये डिझेल न भरता, जवळच्या दुसऱ्या काट्यावर घाला. वीस-तीस किलोचा फरक सोडून द्या. दीडशे-दोनशे निघाला तर तिसऱ्या काट्यावर जाऊन चुकीचा कोणता ते ठरवा.

टोलनाक्यावर चालत्या गाडीचं वजन घेणारी पट्टी वेगळी चीज आहे. तिच्यावर ब्रेक दाबला की वजन पुढच्या एक्सलवर झुकतं, झटका देऊन गाडी उचलली की मागे जातं, आणि आकडा बिघडतो. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा, ताशी पाच-सहा किलोमीटरच्या एकसारख्या वेगाने, गिअर न बदलता पट्टीवरून जा. तरीही जास्त दाखवलं तर वाद न घालता उभ्या काट्यावर वजन मागा. नाक्यावर ओव्हरलोडचा जादा टोल लागतो. तो भरला म्हणजे चलानातून सुटलात असं नाही. दोन्ही वेगवेगळे आहेत.

एकूण बरोबर, एक्सल जड

आरसीवर प्रत्येक एक्सलचंही वजन लिहिलेलं असतं. मागच्या चार टायरच्या एकट्या एक्सलला ११.५ टन, मागच्या जोड एक्सलला २१ टन ही २०१८ नंतरची वरची मर्यादा आहे. जुन्या गाडीला १०.२ आणि १९. एकूण २८ टनांत बसलेली गाडी मागे २२.५ टन आणि पुढे ५.५ टन अशी उभी असेल, तर ती नियमात नाही आणि सुरक्षितही नाही. पुढचं टोक हलकं झालं की स्टिअरिंग पकड सोडतं आणि घाटात ते जीवावर येतं.

होतं असं की हमाल डाल्याकडून (मागच्या दाराकडून) भरायला सुरुवात करतात आणि जड नग दाराशीच ठेवतात, कारण पुढे ओढून नेणं कष्टाचं असतं. सरकवण्याचं गणित असं: सरकवलेलं वजन गुणिले अंतर, भागिले पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर. दोन टनांचा नग एक मीटर पुढे सरकवला आणि चाकांमधलं अंतर पाच मीटर असेल, तर मागचं ४०० किलो पुढे गेलं. जोड एक्सलच्या गाडीत मागचं अंतर दोन्ही एक्सलच्या मधोमध धरा. काटा सपाट जमिनीत बसवलेला असेल तर आधी पुढची चाकं, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं अशी तीन वजनं घेता येतात. पुढचं आणि मागचं मिळून एकूण वजनाच्या जवळ आलं तरच तो आकडा धरा.

बारा टायरच्या बऱ्याच गाड्यांत लिफ्ट एक्सल (वर उचलता येणारा एक्सल) असतो. रिकाम्या फेरीत टायर वाचवायला तो उचलतात, ते बरोबर आहे. भरल्यावर खाली घ्यायचा विसरला की त्याचा सगळा भार शेजारच्या एक्सलवर जातो, एकूण वजन तेच राहूनही. भरती झाली की बटण दाबून खाली उतरा आणि चाकाला पाय लावून बघा. हवेच्या फुग्यात गळती असेल तर चाक जमिनीला टेकलेलं दिसतं, पण भार घेत नाही.

भरतीच्या वेळी काय करायचं

१. गाडी लावण्याआधी मुनीमाला तुमचा आकडा सांगा: पासिंग वजा तुमचा खरा रिकामा काटा वजा ३०० किलो. वरच्या उदाहरणात १७,८०० किलो, म्हणजे ३५६ पोती. हे तीनशे किलो काट्यांतला फरक आणि पाऊस यांच्यासाठी आहेत. सूट मिळेल अशा आशेवर भरू नका.

२. टाकी भरतीआधीच भरा. पाव टाकीवर काटा करून मग बाहेर ३०० लिटर भरले, तर अडीचशे किलो काट्यानंतर वाढले.

३. गेटमधून बाहेर पडण्याआधी भरा काटा करा. बाहेर पडल्यावर जादा माल परत घ्यायला कुणी तयार होत नाही. कंपनीत काटा नसेल तर सगळ्यात जवळच्या काट्यावर जा, आणि "जास्त निघाला तर परत आणतो" हे निघण्याआधी बोलून घ्या.

४. दोन-तीन ठिकाणांहून माल उचलायचा असेल तर प्रत्येक ठिकाणानंतर काटा. शेवटच्या ठिकाणी कळलं तर नेमका कुणाचा माल उतरवायचा यावरून भांडण होतं.

५. काट्याच्या पावतीचा फोटो मालकाला पाठवा. मजकूर एवढाच पुरे: "शेठ, पासिंग २८,०००, काटा २८,७२०. सातशे वीस जास्त आहेत. उतरवून निघतो." उत्तर लेखी घ्या. "चल, मी बघतो" असं फोनवर म्हणणारा शेठ नंतर पगारातून कापतो तेव्हा तुमच्या हातात काहीतरी असलं पाहिजे. कायदा फक्त चालवणाऱ्याला धरत नाही. चालवायला लावणारा आणि चालवू देणारा यांनाही कलम १९४ लागू आहे, आणि ड्रायव्हर मालक नसेल तर हे मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने झालं असं न्यायालय गृहीत धरू शकतं, असं कलम ११३ मध्येच आहे.

काटा जवळ नसताना अंदाज घ्यायची एक रीत आहे. गाडी बरोबर पासिंगवर भरलेली असताना सपाट जागेवर चासी आणि मागच्या एक्सलमधलं अंतर टेपने मोजा, दोन्ही बाजूंनी, आणि खूण करून ठेवा. पुढच्या वेळी अंतर त्यापेक्षा कमी दिसलं तर गाडी जड आहे हे कळतं. शे-दोनशे किलो यातून कळत नाहीत, टनभर चुकलेला माल मात्र कळतो. पाटे बदलले की ही खूण पुन्हा करा.

अडवलं तर

थांबा. वायुवेग पथक (आरटीओचं फिरतं तपासणी पथक) असो वा नाका, वजन करायला नकार देणं किंवा वजनाआधी माल काढून टाकणं याला कलम १९४ च्या दुसऱ्या पोटकलमात ४०,००० रुपये दंड आहे, ओव्हरलोडच्या दुप्पट. पथक दिसलं की रस्त्यावर वाळू ओतून मोकळे होणारे स्वतःचा दंड वाढवतात आणि मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा जीव धोक्यात घालतात.

वजनासाठी तुम्हाला कितीही लांब नेता येत नाही. कलम ११४ नुसार काटा तुमच्या पुढच्या मार्गापासून १० किलोमीटरच्या आत किंवा माल पोहोचवायच्या ठिकाणापासून २० किलोमीटरच्या आत असावा लागतो. शांतपणे विचारा: "साहेब, कोणत्या काट्यावर घेऊ?" तिथेही शून्य, सगळी चाकं आणि छापील पावती या गोष्टी बघा. ताडपत्रीवर पाणी साचलं असेल तर वजनाआधी ते झटकायची परवानगी मागा. परवानगीशिवाय दोराला हात लावू नका. तुमची सकाळची काट्याची पावती दाखवा. फरक मोठा असेल तर पुन्हा वजन करण्याची किंवा दुसऱ्या काट्याची विनंती करा. आवाज चढवून काहीच हाती लागत नाही.

वजन जास्त निघालं तर जादा माल उतरल्याशिवाय गाडी हलत नाही. उतरवण्याचा आदेश लेखी असतो, तो मागून घ्या. "दंड भरला, आता जाऊ द्या" हे चालत नाही. पैसे घेऊन ओव्हरलोड गाड्या पुढे सोडायच्या राज्यांच्या पद्धतीला सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालीच चाप लावला आहे. पावतीशिवाय दिलेल्या पैशांनी तुमची गाडी हलकी होत नाही. पुढचं पथक पुन्हा तेवढंच वजन काढतं आणि तुमच्याकडे दाखवायला काही नसतं.

उतरवलेला माल तुमच्या जबाबदारीवर असतो, म्हणून मालकाला आणि माल पाठवणाऱ्याला लगेच फोन करा आणि दुसरी छोटी गाडी मागवा. त्या गाडीबरोबरही बिल्टी आणि ई-वे बिलाचा कागद लागतो. माल दोन गाड्यांत विभागला हे माल पाठवणाऱ्याकडून नोंदवून घ्या, नाहीतर ती छोटी गाडी जीएसटीच्या तपासणीत अडकते. माल उतरल्यावर त्याच काट्यावर पुन्हा वजन करून दुसरी पावती घ्या आणि ती शेवटपर्यंत जपा. त्याच फेरीत पुढे कुणी अडवलं तर माल कमी केल्याचा पुरावा हाच.

चलान आल्यावर

ई-चलानचा संदेश मालकाच्या मोबाइलवर जातो, ड्रायव्हरला कळतच नाही. जागेवरच चलानाचा फोटो घ्या आणि पाच गोष्टी तपासा: गाडीचा नंबर, पासिंगचा आकडा, काट्याचं वजन, ठिकाण-वेळ आणि लावलेलं कलम. पासिंगचा आकडा चुकण्याची शक्यता खरोखर असते, आरसीवर २८ आणि चलानात २५ असा. तसं असेल तर आरसी, काट्याची पावती आणि चलान घेऊन ज्या कार्यालयाने चलान केलं तिथेच लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि ऑनलाइन तक्रारीची सोय असेल तर तिथेही तेच कागद चढवा. वजन खरंच जास्त होतं तर वाद वाढवू नका. तडजोडीने मिटवताना राज्याच्या अधिसूचनेतली रक्कम लागते, नाहीतर प्रकरण न्यायालयात जातं. थकलेल्या चलानामुळे पुढे फिटनेस आणि परमिटची कामं अडतात, आणि तेव्हा मालक ड्रायव्हरलाच विचारतो.

दंडाचे पैसे कुणी भरायचे हे कामाला लागतानाच ठरवा. न्याय्य वाटणी अशी: वजन कळवूनही गाडी काढायला सांगितली तर मालकाने भरावे. ड्रायव्हरने काटा केलाच नाही, किंवा वाटेत परस्पर माल घेतला, तर ड्रायव्हरने.

पैशांपेक्षा मोठी गोष्ट लायसन्सची आहे. मालगाडीत ओव्हरलोड नेणं हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम २१ च्या यादीत आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ साली अशा गुन्ह्यात लायसन्स किमान तीन महिने निलंबित करायला सांगितलं. तीन महिने गाडी बंद म्हणजे घर बंद. निलंबनाआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. नोटीस आली तर ती टाळू नका, काट्याच्या पावत्या आणि मालकाला पाठवलेले संदेश घेऊन हजर राहा. निलंबनाचा आदेश झालाच तर ३० दिवसांत अपील करता येतं.

तेच पुन्हा पुन्हा होत असेल तर

एक वही ठेवा. प्रत्येक फेरीला एक ओळ: तारीख, भरतीचं ठिकाण, माल, नग किंवा ब्रास, भरा काटा आणि कोणत्या काट्यावर, डिझेल किती, पाऊस होता का, रस्त्यात कुठे वजन झालं आणि किती निघालं. दहा-बारा ओळी झाल्या की खोट दिसते. वेगवेगळ्या मालावर, वेगवेगळ्या ठिकाणी दरवेळी जवळपास तेवढंच जास्त निघतंय, तर तुमचा रिकामा काटा जुना झालाय, नवा करा. एकाच कंपनीच्या मालावर जास्त निघतंय, तर त्यांचा काटा किंवा नगाचं वजन चुकीचं आहे. पुढच्या वेळी त्यांच्या गेटवरच दहा नग वेगळे तोलायला लावा. फक्त पावसाळ्यात होतंय, तर तीनशे किलोची मोकळीक पाचशे करा. एकाच नाक्यावर होतंय आणि बाकी सगळीकडे गाडी बरोबर निघतेय, तर त्याच दिवशी जवळच्या पडताळणी केलेल्या काट्यावर वजन करून दोन्ही पावत्या जोडा आणि वैधमापनशास्त्र निरीक्षकाकडे तक्रार करा. काटा तपासायचं काम त्यांचंच आहे. आणि एकूण वजन कधीच जास्त नसताना मागचेच टायर लवकर झिजतायत, पाटा वरचेवर तुटतोय, तर एक्सलची तीन वजनं घ्या. बहुतेक वेळा जड माल डाल्याशी भरला जातोय किंवा लिफ्ट एक्सलचा फुगा गळतोय.